घर आणि आरोग्य : यकृतात डाग दिसला म्हणजे

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय आहे. इंग्रजी व हिंदी मजकूर मराठीत आणावयाचा आणि तो वाचकाच्या घरात परका वाटणार नाही असा घासूनपुसून घ्यावयाचा, यात माझा दिवस जातो. असे असूनही गेल्या पावसाळ्यात एका लहानशा शब्दाचे भाषांतर माझ्या हातून असे काही झाले, की त्यामुळे एका सुखी घराची दहाबारा दिवस झोप उडाली. त्या चुकीची भरपाई म्हणून या महिन्याचे हे पान मी त्याच विषयाला देत आहे.

ग्वाल्हेरला माझी मावशी असते. पोटात उजवीकडे दुखते म्हणून, पित्ताशयात खडे आहेत की काय हे पाहण्यासाठी, तिची सोनोग्राफी झाली. खडे निघाले नाहीत. परंतु अहवालाच्या शेवटी इंग्रजीत दोन ओळी होत्या. यकृताच्या उजव्या भागात सुमारे ३ सेंटिमीटरचे एक ‘लीजन’ दिसते, तरी कॉन्ट्रास्ट देऊन एम.आर.आय. करून घ्यावा, असा त्यांचा आशय. मावशीला मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम येतात. इंग्रजी मात्र येत नाही. मावसभावाने अहवालाचे छायाचित्र मोबाइलवर पाठविले आणि “आईला वाचता येईल असं मराठीत लिहून दे,” म्हणून सांगितले. मी कचेरीच्या घाईत लिहून टाकले : ‘यकृतात ३ सेंटिमीटरची गाठ आहे.’

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. “ताई, तुम्ही काय लिहून पाठवलंत? आईंनी काल रात्रीपासून अन्नाला हात लावलेला नाही. सकाळी मला बोलावून कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, कोणता दागिना कोणत्या नातीला द्यायचा ते सांगितलं.” आपल्याकडे ‘गाठ’ या शब्दाला एकच अर्थ उरलेला आहे, हे मी विसरले होते.

‘लीजन’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा धात्वर्थ ‘इजा’ एवढाच. वैद्यकात मात्र आजूबाजूच्या भागाहून वेगळी दिसणारी कोणतीही जागा या शब्दात सामावते. पाण्याने भरलेली साधी पुटकुळी हेही लीजन, आमांशाच्या जंतूंमुळे झालेले गळू हेही लीजन, यकृताच्या एखाद्या कोपऱ्यात साठलेली चरबी हेही लीजन, आणि कर्करोग हेही लीजनच. म्हणजे तो शब्द निदान सांगत नाही. ‘येथे काही निराळे दिसते, ते काय आहे ते अजून ठरावयाचे आहे,’ एवढेच तो सांगतो. ते ठरविण्याचे आज उपलब्ध असलेले एक अतिशय चांगले साधन म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला यकृताचा एम.आर.आय. होय. ते साधन काय करते हे घरातील एका तरी माणसाला ठाऊक असेल, तर अहवाल हाती पडल्यानंतरचे दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

प्रथम यकृताची रचना थोडी पाहू. उजव्या बरगड्यांच्या आड असलेला, प्रौढ माणसात सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचा हा अवयव शरीराच्या आतील अवयवांत सर्वांत मोठा. त्याची एक विशेष गोष्ट अशी, की त्याला रक्त दोन मार्गांनी मिळते. हृदयाकडून येणारी धमनी त्याला सुमारे एक चतुर्थांश रक्त पुरविते; उरलेले तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून, पचलेल्या अन्नाचे अंश घेऊन, जिला डॉक्टर पोर्टल शिरा म्हणतात तिच्या वाटे येते. एखाद्या शेताला विहिरीचेही पाणी असावे आणि कालव्याच्या पाटाचेही असावे, पण मुख्य भिस्त पाटावर असावी, तसा हा प्रकार आहे.

आता या शेतात एक बेकायदा वाफा उगवला आहे अशी कल्पना करा. यकृताच्या पेशींतून निर्माण होणारा कर्करोग वाढताना पाटावर अवलंबून राहात नाही. तो विहिरीकडे, म्हणजे धमनीकडे, स्वतःच्या नव्या चाऱ्या खणतो. एरवी वरून पाहता हा वाफा आणि बाकीचे शेत यांत फारसा फरक दिसणार नाही. पण जर विहिरीच्या पाण्यात आधी आणि पाटाच्या पाण्यात थोड्या वेळाने एखादा रंग सोडला, आणि शेताची छायाचित्रे ठराविक अंतराने घेतली, तर? पहिल्या चित्रात तो वाफा एकटाच रंगून उठेल. नंतरच्या चित्रांत सारे शेत रंगलेले असेल आणि त्या वाफ्यातला रंग ओसरून तोच फिका पडलेला दिसेल. कॉन्ट्रास्ट एम.आर.आय.चे सारे मर्म या एका दृष्टांतात आहे. डाग कसा दिसतो यापेक्षा तो रंग केव्हा घेतो आणि केव्हा सोडतो, यावरून त्याची ओळख पटते.

रुग्णालयात या रंगाला सरसकट ‘डाय’ म्हणतात. वास्तविक तो रंग नव्हे. एम.आर.आय. यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. सामान्यतः रुग्णालयांत १.५ टेस्ला शक्तीचे यंत्र असते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट अशी ही शक्ती आहे. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे असंख्य अणुकेंद्र आहेत आणि प्रत्येक अणुकेंद्र म्हणजे जणू एक सूक्ष्म होकायंत्र. चुंबकाच्या प्रभावाखाली ती एका दिशेकडे कलतात. रेडिओ लहरींनी त्यांना किंचित ढकलले की ती ढळतात आणि पुन्हा जागेवर येताना क्षीण संदेश देतात. त्या संदेशांपासून चित्र तयार होते. क्ष-किरणांचा येथे काही संबंध नाही. अशा रीतीने चित्र मिळविता येते हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखविले. ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याला वेग आणि गणिती बैठक दिली. उभयतांना २००३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिरेतून जे द्रव्य देतात त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. हा धातू स्वतः चित्रात उमटत नाही. आपल्या शेजारच्या पाण्यातील अणुकेंद्रांना तो लवकर जागेवर परतावयास लावतो. त्यामुळे तो जेथे पोहोचतो ती जागा चित्रात उजळ दिसते. मोकळ्या स्थितीत हा धातू विषारी आहे. म्हणून तो एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात घट्ट कोंडून देतात, आणि मूत्रपिंडे त्याला पिंजऱ्यासकट बाहेर टाकतात. अशा पहिल्या द्रव्याला रुग्णांवरील वापरासाठी १९८८ साली मान्यता मिळाली.

तपासणीचा क्रम साधारणतः असा असतो. प्रथम द्रव्य न देता काही चित्रे घेतात. त्यांतच पुष्कळ उलगडा होतो : पाण्याची पुटकुळी विशिष्ट प्रकारच्या चित्रांत पांढरीशुभ्र दिसते, साठलेली चरबी दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत ओळखू येते. नंतर हाताच्या शिरेतून द्रव्य सोडले जाते. सुमारे अर्ध्या मिनिटाने ते धमनीतून यकृतात शिरते, तेव्हा चित्रांचा पहिला संच घेतात. सुमारे सत्तर सेकंदांनी पोर्टल शिरेच्या वाटे सारे यकृत उजळते, तेव्हा दुसरा. तीन ते पाच मिनिटांनी तिसरा. या तीन-चार प्रसंगी डाग कसा वागला, हे क्ष-किरणतज्ज्ञ ओळीने मांडून पाहतो.

साधी पुटकुळी द्रव्य घेतच नाही. अखेरपर्यंत काळीच राहते. रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता असतो, त्याला हिमॅन्जिओमा म्हणतात. यकृतातील सौम्य गाठींत हा सर्वांत अधिक आढळतो आणि स्त्रियांत विशेष. त्याची वागणूक मोठी पाहण्यासारखी आहे. आरंभी केवळ कडेला तुटक तुटक ठिपके उजळतात, आणि मग काही मिनिटांत ते उजळपण कडेकडून मध्याकडे सावकाश भरत जाते. दुसऱ्या अवयवातील कर्करोग पसरून यकृतात आला असेल, तर बहुधा त्याच्या भोवती कड्यासारखी किनार उजळते. यकृतपेशींच्या कर्करोगाचे वर्णन वर आलेच आहे : धमनीच्या वेळी उजळ, नंतर भोवतालापेक्षा फिका.

ज्या रुग्णाला सिरॉसिस आहे किंवा यकृताची जुनाट ब कावीळ आहे, त्याच्या यकृतात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या जागेने ही खूण नि:संदिग्धपणे दाखविली, तर सुई घालून तुकडा न काढताही कर्करोगाचे निदान करता येते, असे आजचे जगन्मान्य निकष सांगतात. अन्य बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत अशी मुभा नाही. येथे मिळालेला वेळ मोलाचा असतो, कारण लहान असताना सापडलेला असा कर्करोग शस्त्रक्रियेने काढता येतो, सुईने उष्णता देऊन जाळता येतो, किंवा योग्य रुग्णात यकृतरोपणाचा विचार करता येतो. मात्र ज्याचे यकृत निरोगी आहे, त्याच्या बाबतीत केवळ याच खुणेवर कर्करोगाचा शिक्का मारता येत नाही. त्याच चित्राचा अर्थ माणसागणिक बदलतो. म्हणून रुग्णाचा पूर्वेतिहास तज्ज्ञाला सांगणे अगत्याचे आहे.

याहून आणखी एक युक्ती आहे. गॅडॉक्सेटिक आम्ल नावाचे एक द्रव्य असे आहे, की निरोगी यकृताच्या पेशी ते आत ओढून घेतात आणि त्याचा सुमारे अर्धा भाग पित्तावाटे बाहेर टाकतात. ते दिल्यापासून वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रात कामकरी पेशींचे यकृत उजळून निघते. जेथे अशा पेशी नाहीत, ती जागा अंधारी राहते. पसरून आलेल्या कर्करोगाचे अगदी लहान ठिपकेही अशा वेळी उठून दिसतात. उलट, फोकल नोड्यूलर हायपरप्लेसिया नावाची एक सौम्य गाठ यकृताच्याच पेशींची बनलेली असते. ती बहुधा उजळच राहते, आणि कर्करोगाचा संशय फिटून रुग्णाची शस्त्रक्रिया टळते. अर्थात, हिमॅन्जिओमातही यकृतपेशी नसल्यामुळे तोही या चित्रात काळाच दिसतो. तेव्हा एकाच चित्रावरून निवाडा करता येत नाही. सारी चित्रे एकत्र वाचावी लागतात.

आता रुग्णाने व घरच्यांनी करावयाच्या गोष्टी. तपासणीपूर्वी चार ते सहा तास उपाशी राहण्यास सांगतात. मूत्रपिंडाचा काही विकार असेल तर तो आधीच सांगावा. मूत्रपिंडे अगदी निकामी झालेल्या रुग्णांत गॅडोलिनियममुळे कातडी व आतील ऊती घट्ट होण्याचा एक दुर्मिळ विकार होतो, असे २००६ साली ध्यानात आले. तेव्हापासून मूत्रपिंडांची तपासणी व द्रव्याची निवड यांबाबत डॉक्टर दक्ष असतात, आणि नव्या प्रकारच्या द्रव्यांत हा धोका फारच अल्प आहे. गर्भारपणात हे द्रव्य सहसा देत नाहीत. पूर्वी अशा इंजेक्शनाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर तेही लपवू नये.

चुंबकाविषयीची सूचना अक्षरशः पाळावी. बांगड्या, मंगळसूत्र, केसांतील आकडे, श्रवणयंत्र, किल्ल्या, मोबाइल हे सर्व बाहेर ठेवावे. हृदयात पेसमेकर, मेंदूत क्लिप अथवा डोळ्यात धातूचा कण असल्यास आधी सांगावे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन या खोलीत शिरलेला एका रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. हा चुंबक तपासणी चालू नसतानाही जागाच असतो, हे सोबत जाणाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट वरवर क्षुल्लक, पण साऱ्या तपासणीचे यश तिच्यावर अवलंबून. प्रत्येक संचाच्या वेळी पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो. श्वास हलला की यकृत हलते आणि चित्र पुसट होते. धमनीचा क्षण एकदाच येतो. तो हुकला तर पुन्हा द्रव्य दिल्यावाचून परत मिळत नाही. म्हणून चार दिवस आधी घरीच घड्याळ लावून या गोष्टीचा सराव करावा. आपल्यापैकी पुष्कळ वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकाता येथे श्वास रोखण्याची सूचना कोणत्या भाषेत येईल, हे घरातील वृद्धांना आधी समजावून द्यावे, व तंत्रज्ञाला एकदा रंगीत तालीम करून घेण्याची विनंती करावी. यंत्राचा ठोठावल्यासारखा आवाज मोठा असतो. कानांसाठी बोळे मिळतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी सांगावे. जुन्या सोनोग्राफीचे व अन्य तपासण्यांचे कागद टाकून देऊ नयेत. पाच वर्षांपूर्वी तोच डाग तेवढाच होता, ही माहिती कधी कधी सर्वांत बोलकी ठरते.

मावशीची तपासणी ठरलेल्या दिवशी झाली. मंगळसूत्र काढण्यास तिने थोडी कां कू केली. अखेर ते काकांच्या हातात ठेवून ती आत गेली. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. कडेला तुटक ठिपके, आणि मग मध्याकडे भरत गेलेला उजाळा. हिमॅन्जिओमा. डॉक्टरांनी सांगितले, की औषध नको, शस्त्रक्रिया नको, पथ्यही नको. पोटातल्या दुखण्याचा या डागाशी संबंध नव्हता. ते आम्लपित्ताचे निघाले. मावशीने फोनवर मला एवढेच विचारले, “अग, मग हे तू आधीच का नाही लिहिलंस?” मी काय उत्तर देणार?

परंतु वाचकहो, मावशीच्या कथेचा शेवट गोड झाला यावरून ‘डाग म्हणजे काही नाही’ असा समज कृपा करून करून घेऊ नका. तोही तितकाच घातक आहे. ज्यांना सिरॉसिस आहे, त्याचे कारण मद्य असो, ब किंवा क कावीळ असो वा यकृतातील चरबी असो, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी असा वैद्यकाचा सल्ला आहे, आणि पुष्कळ लोक काहीच दुखत नाही म्हणून तो टाळतात. यकृत लवकर तक्रार करीत नाही. ब आणि क काविळीची तपासणी व उपचार भारत सरकारच्या २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. ब काविळीची लस नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देण्याची तरतूद राष्ट्रीय लसीकरणात आहे. ज्या रोगाच्या शोधासाठी एवढे मोठे यंत्र लागते, त्याचे एक मोठे कारण अशा रीतीने एका लहानशा सुईने टाळता येते.

राहिला माझा शब्द. आज तोच अहवाल हाती आला, तर मी तो मराठीत असा लिहीन : ‘यकृताच्या उजव्या भागात ३ सेंटिमीटरची एक वेगळी दिसणारी जागा आढळली आहे. ती काय आहे हे या तपासणीवरून सांगता येत नाही. पुढील तपासणी करून घ्यावी.’ मूळ इंग्रजीत याहून अधिक काही नव्हते, आणि भाषांतरातही नसावयास हवे होते. आपल्या घरी कोणाचा असा कागद आला आणि तो वाचून दाखविण्याचे काम आपल्यावर पडले, तर आपणही याहून अधिक वाचू नये, आणि याहून कमीही वाचू नये. तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवावी, आणि रात्री सर्वांना वेळेवर जेवावयास बसवावे.